प्राध्यापकांना आयकर माफ असावा का?

पाकिस्तानच्या २००१ च्या आयकर अध्यादेशाला जोडलेल्या परिशिष्टात एक छोटी तरतूद बरीच वर्षं होती. मान्यताप्राप्त विद्यापीठात किंवा ना-नफा संशोधन संस्थेत पूर्णवेळ काम करणाऱ्या शिक्षकाला आणि संशोधकाला पगारावर जेवढा आयकर बसेल, त्यातला ठरावीक हिस्सा माफ. एके काळी हा हिस्सा तब्बल ७५ टक्के होता. म्हणजे शेजारच्या कचेरीतल्या अभियंत्याला चार लाख कर बसत असेल, तर तेवढ्याच पगाराच्या प्राध्यापकाला एक लाख. २०१३ मध्ये ही माफी ४० टक्क्यांवर आली, २०१९ मध्ये २५ टक्क्यांवर. २०२४ च्या अर्थसंकल्पात ती पूर्णच काढण्याचा प्रस्ताव आला, देशभरातल्या शिक्षक संघटना चिडून उठल्या आणि सवलत त्या वर्षापुरती वाचली.

यामागचा विचार समजण्यासारखा आहे. २००२ मध्ये तिथे उच्च शिक्षण आयोग स्थापन झाला. रसायनशास्त्रज्ञ अता-उर-रहमान त्याचे अध्यक्ष झाले. परदेशात स्थिरावलेले संशोधक परत आणायचे, तर त्यांच्या हातात पडणारी रक्कम वाढली पाहिजे. पगार वाढवायला तिजोरीतून पैसे काढावे लागतात, कर माफ करायला काढावे लागत नाहीत, किंवा निदान तसं वाटतं. माफ केलेला कर हाही सरकारने केलेला खर्चच असतो. फरक एवढाच की, तो खर्च अर्थसंकल्पात ठळकपणे दिसत नाही आणि त्यावर दर वर्षी मतदान होत नाही. पाकिस्तानात हा खर्च दिसू लागला तो आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे अधिकारी एकेक सवलत मोजायला बसले तेव्हा.

भारतात अशी सरसकट सवलत नाही. पण ती असावी, असं मानणारे प्राध्यापक मला बरेच भेटले आहेत आणि त्यांचं म्हणणं हलकं समजण्यासारखं नाही. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही. परमवीर चक्रासारख्या शौर्यपदकांच्या मानकऱ्यांचं निवृत्तिवेतन करमुक्त आहे. सिक्कीमच्या मूळ रहिवाशांना सूट आहे. मग पिढ्या घडवणाऱ्या माणसाने काय घोडं मारलंय? मला वाटतं, या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर ‘नाही, सूट नको’ असंच आहे. मात्र त्या उत्तराची कारणं शिक्षकांच्याच बाजूने उभी राहून सांगता येतात, आणि तीच इथे सांगायची आहेत.

विद्वानाकडून कर घेऊ नये, ही कल्पना आजची नाही. रोमन सम्राट व्हेस्पेशियन याने इसवी सन ७४ मध्ये वैद्य आणि शिक्षक यांना नगराच्या सक्तीच्या जबाबदाऱ्यांतून मोकळं केलं. त्या आज्ञेचा शिलालेख पेर्गामॉन इथे सापडला. पुढे अँटोनायनस पायस या सम्राटाच्या लक्षात आलं की, सूट मिळते म्हटल्यावर विद्वानांची संख्या भराभर वाढते आहे. त्याने मर्यादा घातली. लहान नगरात पाच वैद्य, तीन वक्तृत्वाचे शिक्षक आणि तीन व्याकरणाचे. सगळ्यांत मोठ्या नगरांत दहा, पाच, पाच. तत्त्वज्ञांची संख्या मात्र त्याने ठरवली नाही. तत्त्वज्ञ मुळातच दुर्मीळ, आणि जो आपल्या मालमत्तेवरून घासाघीस करील तो तत्त्वज्ञ नव्हेच, अशा अर्थाचं त्याचं म्हणणं रोमन कायद्याच्या संग्रहात नोंदलं गेलं आहे. आजच्या कर अधिकाऱ्यापुढे असलेली अडचण त्याच्याही पुढे होती. सूट द्यायची तर विद्वान कोण हे आधी ठरवावं लागतं.

आपल्याकडे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, नवी वसाहत कशी बसवावी हे सांगताना, आचार्य आणि श्रोत्रिय (वेदपाठी) यांना दंड आणि कर यांपासून मुक्त जमीन द्यावी असं म्हटलं आहे. नालंद्याच्या महाविहाराची व्यवस्था वेगळी होती. नवव्या शतकात पाल राजा देवपाल याने, सुवर्णद्वीपाचा राजा बालपुत्रदेव याच्या विनंतीवरून, पाच गावांचं उत्पन्न तिथल्या विहारासाठी लावून दिलं. तो ताम्रपट उपलब्ध आहे. हे उत्पन्न कुणा एका पंडिताच्या घरी जात नव्हतं. त्यातून भिक्षूंचं जेवणखाण, औषधपाणी, पोथ्यांच्या नकला आणि इमारतीची डागडुजी व्हायची. कौटिल्याची जमीन माणसाला मिळत होती, देवपालाची गावं संस्थेला. हा भेद लहान वाटतो, पण सगळा प्रश्न त्याच्याभोवती फिरतो.

हा भेद सगळ्यांत स्पष्ट दिसतो तो पुण्यात. श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याची प्रथा तळेगावच्या दाभाड्यांकडून पेशव्यांकडे आली आणि पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यात तिला मोठं रूप आलं. पेशवाई गेल्यावर ब्रिटिश प्रशासक एल्फिन्स्टनने ही रक्कम एकदम बंद केली नाही. तिचा काही भाग वळवून १८२१ मध्ये विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. डेक्कन कॉलेजचं मूळ तिथे आहे. उरलेली दक्षिणा मात्र व्यक्तींनाच मिळत राहिली. मग १८४९ च्या सुमारास गोपाळराव देशमुख, म्हणजे लोकहितवादी, आणि त्यांच्यासारख्या सुधारकांनी सरकारकडे मागणी केली की, हा पैसा माणसांना वाटण्याऐवजी त्यातून चांगल्या मराठी ग्रंथांना बक्षिसं द्यावीत. शहरात मोठा क्षोभ झाला. सुधारकांच्या संरक्षणाला जोतीराव फुले आपली माणसं घेऊन उभे राहिले. शेवटी दक्षिणा प्राइज कमिटी आली, पुढे महाविद्यालयांत दक्षिणा फेलोशिप आल्या. न्यायमूर्ती रानडे विद्यार्थिदशेत अशा फेलोंपैकी एक होते.

मराठी समाजाने हा प्रश्न पावणेदोनशे वर्षांपूर्वी लढून सोडवला आहे. राज्याने ज्ञानासाठी पैसा सोडायचा तो माणसाची ओळख बघून की त्याने केलेलं काम बघून? सुधारकांनी काम निवडलं. अर्थात कामाची पारख करणारी समितीही माणसांचीच असते. १८५५ मध्ये फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक याच दक्षिणा कमिटीकडे दिलं आणि कमिटीने ते नाकारलं. ज्याने ग्रंथांच्या बक्षिसासाठी उभं राहून विरोधकांचा रोष पत्करला, त्याचंच लेखन नाकारलं गेलं. म्हणून काम बघून दिलेल्या मदतीलाही पहारा लागतोच. पण तिच्याविरुद्ध दाद मागता येते, ती सुधारता येते. ओळखीवर मिळालेल्या हक्काला सुधारायला जागाच नसते.

आता आजच्या पगारपत्रकाकडे येऊ. आयकराची सूट कुणाच्या पदरात किती टाकते, हे आकड्यांनीच कळतं.

सातव्या वेतन आयोगानुसार विद्यापीठ अनुदान आयोगाच्या वेतनश्रेणीत सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होतं, सहयोगी प्राध्यापकाचं १,३१,४०० पासून आणि प्राध्यापकाचं १,४४,२०० पासून. हिशेब सोपा राहावा म्हणून घरभाडे भत्ता बाजूला ठेवू आणि महागाई भत्ता ५५ टक्के धरू. नव्या सहायक प्राध्यापकाचं वर्षाचं वेतन १० लाख ७३ हजारांच्या आसपास जातं. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत ७५ हजारांची प्रमाणित वजावट काढून बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य आहे. म्हणजे याला कर नाहीच. सहयोगी प्राध्यापकाला उपकरासह सुमारे तीन लाख चार हजार रुपये कर बसतो. प्राध्यापकाचं वेतन २६ लाख ८२ हजारांवर जातं आणि त्याला सुमारे तीन लाख ७७ हजार.

आता पाकिस्तानची जुनी ७५ टक्क्यांची माफी इथे लावून बघा. प्राध्यापकाचे वर्षाला दोन लाख ८२ हजार वाचतील. सहयोगी प्राध्यापकाचे दोन लाख २८ हजार. ज्याने नुकतीच पीएचडी संपवली, ज्याच्या डोक्यात पुढच्या वीस वर्षांचे प्रश्न ताजे आहेत, ज्याला पहिल्या प्रयोगशाळेसाठी टेबल-खुर्चीपासून धडपड करायची आहे, त्या सहायक प्राध्यापकाचा एक रुपयाही वाचणार नाही. माफ करायला त्याच्याकडे करच नाही.

त्याच्याही खाली एक मोठा वर्ग आहे. महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या महाविद्यालयात गेलात तर तासिका तत्त्वावर शिकवणारे, ज्यांना सगळे ‘सीएचबी’ म्हणतात, ते शिक्षक भेटतील. नेट-सेट झालेले, अनेक जण पीएचडी झालेले, कित्येकांची दहा-दहा वर्षं अशीच गेलेली. त्यांना घेतलेल्या तासांचे पैसे मिळतात, सुट्टीचे नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये अतिथी शिक्षकांसाठी तासाला १,५०० आणि महिन्याला जास्तीत जास्त ५० हजार रुपये असा दर सांगितला. हा वरचा आकडा बाराही महिने मिळाला असं समजलं, जो मिळत नाही, तरी वर्षाचे सहा लाखच होतात. त्यावर कर शून्य. विनाअनुदानित संस्थांतल्या शिक्षकांची गोष्ट वेगळी नाही. पाकिस्तानच्या तरतुदीत तर ‘पूर्णवेळ’ हा शब्दच होता. तासावर शिकवणारा दारातच थांबायचा.

म्हणून सरसकट आयकर माफीला माझा विरोध आहे. ती शिक्षकांना फार देते म्हणून नव्हे. ज्यांना गरज नाही त्यांना ती सगळ्यांत जास्त देते आणि ज्यांच्यावर उद्याची विद्यापीठं उभी राहायची आहेत त्यांना काहीच देत नाही, म्हणून. शिवाय अशी माफी मिळाली की सरकारला म्हणता येतं, आम्ही शिक्षकांसाठी केलं. मग रिकामी पदं भरण्याचा विषय आणखी पाच वर्षं मागे जातो.

सवलतीच्या बाजूचा एक युक्तिवाद मात्र मला खरोखर वजनदार वाटतो. वकिलाने कायद्याची पुस्तकं घेतली, डॉक्टर परिषदेला गेला, तर तो खर्च व्यवसायाचा म्हणून उत्पन्नातून वजा होतो. प्राध्यापकाने स्वतःच्या पैशाने ग्रंथ घेतले, ताम्रपट बघायला किंवा बोलीभाषेचे नमुने गोळा करायला गावोगाव हिंडला, एखाद्या नियतकालिकाची वर्गणी भरली, तर त्यातलं काहीही वजा होत नाही, कारण तो पगारदार आहे. पदरचे पैसे घालून संशोधन करणारी माणसं मराठी विभागांत, इतिहास विभागांत, लहान महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र विभागांत मी पाहिली आहेत. हा त्यांच्यावरचा उघड अन्याय आहे.

आणि गंमत नव्हे, खेदाची गोष्ट अशी की, आपल्या कायद्याला हे एकदा कळलं होतं. १९६१ चा आयकर कायदा आला तेव्हा त्याच्या सोळाव्या कलमात, पगारदाराने कामासाठी लागणारी पुस्तकं विकत घेतली तर ५०० रुपयांपर्यंत वजावट होती. त्या काळी पाचशे रुपयांत चांगली कपाटभर पुस्तकं येत. सत्तरच्या दशकात सगळ्या पगारदारांसाठी एकच प्रमाणित वजावट आली आणि पुस्तकांची ही वेगळी ओळ कायद्यातून गेली. प्रमाणित वजावट सोयीची आहे, हिशेब ठेवावा लागत नाही. पण जो वर्षात एकही पुस्तक घेत नाही त्यालाही ७५ हजार आणि जो पगाराचा मोठा भाग ग्रंथांवर घालवतो त्यालाही ७५ हजार.

जुन्या कायद्यात आणखी काही बारीक वाटा होत्या. (१ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू आहे, म्हणून क्रमांक जुने समजावेत.) शिक्षणासाठी मिळालेली शिष्यवृत्ती कलम १०(१६) खाली करमुक्त. सरकारने किंवा सरकारमान्य संस्थेने दिलेले पुरस्कार कलम १०(१७ए) खाली करमुक्त. साहित्य, कला किंवा विज्ञानविषयक पुस्तकाच्या मानधनावर ८०क्यूक्यूबी खाली तीन लाखांपर्यंत वजावट, पण शाळेची क्रमिक पुस्तकं आणि गाइड यांना ती नाही, आणि ते योग्यच आहे. पेटंटच्या उत्पन्नावरही तेवढीच वजावट. शैक्षणिक आणि संशोधनकार्यासाठी मिळणारा भत्ता, प्रत्यक्ष खर्च झाला असेल तेवढा, करमुक्त. या सगळ्या तरतुदींत एक समान धागा आहे. प्राध्यापक आहात का, असं त्या विचारत नाहीत. ग्रंथ लिहिलात का, शोध लावलात का, खर्च केलात का, असं विचारतात. बीडचा एखादा बँक कर्मचारी जर किल्ल्यांवर अभ्यासपूर्ण ग्रंथ लिहील, तर त्यालाही ती वजावट मिळते. दक्षिणेच्या वादात सुधारकांनी जे मागितलं, तेच तत्त्व.

नव्या करप्रणालीत मात्र शिष्यवृत्ती आणि पुरस्कार टिकले, पण ग्रंथाच्या मानधनाची वजावट, पेटंटची वजावट आणि शैक्षणिक भत्त्याची सूट या तिन्ही गेल्या. सवलती काढून दर कमी ठेवावेत हा विचार चुकीचा नाही. विजय केळकर यांच्या प्रत्यक्ष करांवरच्या कृतिदलाने २००२ मध्येच ही दिशा सांगितली होती आणि मला ती बहुतांशी पटते. पण मराठीत गंभीर ग्रंथ लिहिणाऱ्याला मिळणारं मानधन मुळातच इतकं तुटपुंजं असतं, की या एका सवलतीने तिजोरीला भोक पडलं नसतं.

परदेशी जे चाललं आहे त्याचा थोडक्यात उल्लेख पुरेसा आहे. इटलीने २०१० मध्ये कायदा करून, किमान दोन वर्षं बाहेर अध्यापन किंवा संशोधन करून परतणाऱ्यांच्या उत्पन्नाचा ९० टक्के भाग काही वर्षं करमुक्त ठेवला. डेन्मार्कमध्ये बाहेरून आलेल्या मान्यताप्राप्त संशोधकांना सात वर्षांपर्यंत कमी दराने कर आहे. या सवलती विद्वत्तेचा सन्मान म्हणून दिलेल्या नाहीत, देशांमधली चढाओढ आहे ती. जो कधी देश सोडून गेलाच नाही, त्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला पूर्ण कर भरावा लागतो. राहून काम करणाऱ्याला यातून काय संदेश जातो, हे वेगळं सांगायला नको. त्यापेक्षा भारत आणि अमेरिका यांच्यातल्या करारातली तरतूद मला जास्त समंजस वाटते. एका देशाचा प्राध्यापक दुसऱ्या देशाच्या विद्यापीठात शिकवायला किंवा संशोधनाला गेला, तर दोन वर्षांपर्यंत तिथला कर माफ. आणि संशोधन सार्वजनिक हितासाठी असलं पाहिजे, कुणा खासगी व्यक्तीच्या लाभासाठी नव्हे, ही अट.

संशोधनाला खरा चटका आयकराचा बसतच नाही. तो बसतो दुसऱ्याच करांचा आणि त्यावर फार कमी बोललं जातं. विद्यापीठांच्या आणि सार्वजनिक संशोधन संस्थांच्या वैज्ञानिक उपकरणांवर वस्तू आणि सेवा कर सवलतीच्या ५ टक्के दराने होता. जुलै २०२२ मध्ये ती सवलत काढली गेली आणि बहुतेक उपकरणं १२ किंवा १८ टक्क्यांच्या दरात गेली. अनुदान मंजूर झालेलं असतं जुन्या हिशेबाने. पन्नास लाखांच्या यंत्रावर तेरा टक्के वाढले की साडेसहा लाख कुठून आणायचे? एका संशोधक विद्यार्थ्याची वर्षाची फेलोशिपही त्यापेक्षा कमी असते. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात प्रयोगशाळेतल्या रसायनांवरचं आयात शुल्क १० वरून १५० टक्के झालं. संशोधकांनी आवाज उठवल्यावर काही दिवसांत ते मागे घ्यावं लागलं. त्याच वर्षी दिल्लीच्या आयआयटीला संशोधन अनुदानांवरच्या कराची, सुमारे १२० कोटींच्या मागणीची नोटीस गेल्याची बातमी आली. सप्टेंबरात जीएसटी परिषदेने विद्यापीठांना आणि मान्यताप्राप्त संशोधन केंद्रांना मिळणारी अनुदानं करमुक्त केली. तोवर कित्येक संस्थांचे हिशेबनीस फायली घेऊन धावत होते.

संघटनांनी आपली ताकद इथे लावली पाहिजे. प्राध्यापकाचा आयकर पाऊण माफ झाला तर प्रयोगशाळेत एक काचनळीही वाढत नाही. उपकरणावरचा कर कमी झाला तर त्याचा उपयोग पीएचडीच्या विद्यार्थ्यापासून विभागप्रमुखापर्यंत सगळ्यांना होतो.

त्या विद्यार्थ्याबद्दलही बोललं पाहिजे. जानेवारी २०२३ पासून ज्युनिअर रिसर्च फेलोशिप महिन्याला ३७ हजार आणि सीनिअर ४२ हजार झाली. तिच्यावर कर घेतला जात नाही. त्याला सतावतो तो विलंब. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपसाठी महाराष्ट्रातल्या मुलामुलींना पुस्तकं मिटून पुन्हा पुन्हा आंदोलनाला बसावं लागलं आहे. वसतिगृहाचं भाडं, मेसचं बिल, घरी पाठवायचे पैसे थांबत नाहीत. करमुक्त रक्कम आठ महिने खात्यावर आलीच नाही तर तिच्या करमुक्त असण्याला काय अर्थ राहतो?

माझा निर्णय असा आहे. प्राध्यापकाने पगारावरचा आयकर इतर सगळ्यांसारखाच भरावा. पुस्तकं, नियतकालिकं आणि क्षेत्रकार्य यांवर पावतीसह केलेल्या खर्चाची वजावट प्रत्येक पगारदार शिक्षकाला मिळावी, नव्या प्रणालीतही. ग्रंथाच्या मानधनाची वजावट परत यावी. संशोधनाच्या साहित्यावरचे कर कमी आणि स्थिर राहावेत, म्हणजे अनुदान मंजूर होताना केलेला हिशेब खरेदीच्या दिवशी मोडणार नाही. फेलोशिप महिन्याच्या महिन्याला मिळावी. आणि पदं भरावीत. बाकी सगळं मिळूनही या एका गोष्टीची बरोबरी होणार नाही.

वाचकांना एकच विनंती आहे. तुमच्या जवळच्या अनुदानित महाविद्यालयात किती पदं मंजूर आहेत, किती भरलेली आहेत आणि किती विषय तासिका तत्त्वावर शिकवले जातात, हे माहितीच्या अधिकारात विचारा. महाराष्ट्रात त्यासाठी अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा लागतो.